अर्जदार आला कुठून?

मोजणारा : कंपनी माणसं शोधायला पैसा ओतते. पोर्टलची वर्षाची वर्गणी, लिंक्डइनवरच्या जाहिराती, कन्सल्टंटची फी, कॉलेजांतल्या कॅम्पस फेऱ्या, कर्मचाऱ्यांना द्यायचा रेफरल बोनस. मार्च उजाडला की फायनान्सवाले विचारतात, यातल्या कशातून किती माणसं मिळाली? उत्तर मिळतं ते अंदाजपंचे. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अर्जापुढे ‘सोर्स’ नावाचा रकाना असतो. तो नीट भरला तर हा अंदाज संपतो. समजा, पोर्टलवरून हजार अर्ज आले आणि त्यातले चार जण रुजू झाले. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून साठ अर्ज आले आणि तिथूनही चारच रुजू झाले. रकाना रिकामा असेल तर सगळे पोर्टलचंच कौतुक करणार, कारण इनबॉक्स त्याने भरलेला दिसतो. कन्सल्टंटचं पाहा. वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, अशी फी आपल्याकडे रूढ आहे. बारा लाखांच्या माणसामागे एक लाख. तोच माणूस वर्षापूर्वी स्वतः अर्ज करून आपल्या डेटाबेसमध्ये पडून असेल, तर हा लाख कशाचा द्यायचा? ज्याला हा प्रश्न पडत नाही, त्याने भरती खातं चालवू नये.

शंकेखोर : पैशाचा हिशेब ठेवायला माझी ना नाही. पण त्या रकान्यात जे पडतं ते काय असतं, तेवढं बघा. लातूरची एक मुलगी पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहते आहे असं धरा. मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की अमुक कंपनीत टेस्टिंगच्या जागा निघाल्यात. हिने पोर्टलवर जाऊन जागेचं वर्णन वाचलं. कॉलेजची एक सीनियर त्या कंपनीत आहे, तिला फोन करून विचारलं, पगार वेळेवर होतो का, शिफ्टला कॅब मिळते का? मग गूगलवर कंपनीचं नाव टाकून थेट कंपनीच्या करिअर पानावर गेली आणि अर्ज भरला. सॉफ्टवेअरने लिहिलं : ‘कंपनी संकेतस्थळ’. मैत्रीण गेली, पोर्टल गेलं, सीनियर गेली. यातलं खरं श्रेय कुणाचं, हे तिलाही नेमकं सांगता येणार नाही. बरं, अर्जाच्या शेवटी ‘आमच्याविषयी कुठून कळलं?’ असा प्रश्न असतो आणि खाली यादी. फोनवर अंगठ्याने पंचवीस रकाने भरून झालेत, दोनदा प्रयत्न करूनही सीव्ही अपलोड झालेला नाही, ओटीपीची मुदत संपत आली आहे. अशा वेळी माणूस यादीतलं पहिलं नाव दाबतो आणि सुटतो. तुमच्या अहवालात दुसऱ्या क्रमांकावर झळकणारा ‘सोर्स’ हा पुष्कळदा नुसता यादीत वर असलेला पर्याय असतो. त्यावर तुम्ही पुढच्या वर्षाचं बजेट बेतता.

मोजणारा : हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचे उपायही. वर्तमानपत्रांत बॉक्स नंबर देऊन जागा जाहीर व्हायच्या, तेव्हा कुठल्या पेपरातली जाहिरात वाचून अर्ज आला ते पाकिटावरच कळायचं. आजची लिंक तेच काम करते. ग्रीनहाऊस, लिव्हर यांसारख्या प्रणाली प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी लिंक काढून देतात. लिंकच्या शेपटीला खूण असते आणि अर्ज आला की ती खूण आपोआप रकान्यात उतरते. वेबवरच्या जाहिरातवाल्यांची यूटीएम पद्धत हीच. ती ज्या अर्चिन कंपनीतून आली, ती गूगलने 2005 मध्ये विकत घेतली. म्हणजे हे तंत्र चांगलं मुरलेलं आहे. त्याला फार पैसेही लागत नाहीत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची एचआर प्रणाली मुक्तस्रोत आहे. तिच्यातही अर्जदाराच्या नोंदीत सोर्सचा रकाना असतो आणि कर्मचाऱ्याने पाठवलेला अर्ज असेल तर त्या कर्मचाऱ्याचं नाव लिहिण्याची सोय असते. पन्नास माणसांचा कारखानाही हे करू शकतो. लिंक एक सांगते आणि उमेदवार दुसरंच सांगतो, अशा वेळी दोन्ही उत्तरं ठेवावीत, एकाने दुसरं पुसू नये. शिवाय रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, चहा पिताना, निवांत विचारावं : पहिल्यांदा कुठे ऐकलं आणि अर्ज करायचं कशामुळे ठरलं? तेव्हा कुणालाही ओटीपीची घाई नसते. एवढं केल्यावरही चूक राहील, मान्य. पण चुकीचं माप हळूहळू सुधारता येतं, अंदाजाला सुधारायला जागाच नसते.

शंकेखोर : चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. या चुका एकाच बाजूला झुकतात. लिंक कुणाला पकडते? क्लिक करणाऱ्याला. म्हणून क्लिक विकणाऱ्यांचा आकडा नेहमीच घसघशीत दिसतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यात फिटर कसा पोचतो ते आठवा. आयटीआयचे निदेशक एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात, ‘दोन पोरं पाठवतोय, हात चांगला आहे.’ पोरं गेटवर येतात, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहितात, फोटोकॉपी काढलेला बायोडेटा देतात. शनिवारी कुणी तरी एक्झिक्युटिव्ह तो गठ्ठा एकदम सिस्टीममध्ये चढवतो आणि सोर्सच्या रकान्यात सगळ्यांना ‘अदर’ देतो. वर्षअखेरीला ‘अदर’मधून आलेली माणसं सर्वांत जास्त टिकलेली असली, तरी ‘अदर’साठी बजेट कोण मागणार? त्या निदेशकांना वर्षातून एकदा कारखाना दाखवायला बोलवावं, हेही कुणाला सुचत नाही, कारण अहवालात ते नाहीतच. दुसरं, हा रकाना निर्लेप हातांनी भरला जात नाही. पोर्टलला शेवटची क्लिक मोजलेली हवी असते आणि कन्सल्टंटला सर्वांत आधी आलेला सीव्ही. रिक्रूटरचं मूल्यमापन ‘मी स्वतः शोधलेले’ किती यावर होत असेल, तर तो त्या रकान्याला आपल्या बाजूने वळवतो. कर्मचाऱ्याचं तर विचारूच नका. लिंक्डइनवर अनोळखी मुलं ‘रेफरल द्या’ म्हणून मेसेज करतात, हा त्यांच्या नावाने अर्ज टाकतो, बोनस मिळाला तर मिळाला. अहवाल म्हणतो ‘रेफरल’, आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

मोजणारा : होतं खरं असं. पण बोनसची अट बदलली की माणसं वेगळी आणली जातात, हे कशावरून कळलं? कुणी कुणाला आणलं याची नोंद ठेवली म्हणून. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रूडर यांनी कोलकात्यात एक प्रयोग केला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एक काम दिलं आणि पुढच्या खेपेला ओळखीचा माणूस आणायला सांगितलं. काहींना माणूस आणल्याचे ठरावीक पैसे, तर काहींना आणलेला माणूस कसं काम करतो त्यावर पैसे. दुसऱ्या गटाने नातेवाईक कमी आणि कामावरचे सहकारी जास्त आणले. भावाला नोकरी लावायची की कामाचा माणूस द्यायचा, हे अटीवर ठरतं. दुसरा अभ्यास 2015 चा. अमेरिकेतली कॉल सेंटर, ट्रक वाहतूक आणि तंत्रज्ञान या क्षेत्रांतल्या नऊ मोठ्या कंपन्यांची आकडेवारी त्यात तपासली आहे. ओळखीतून आलेले लोक बहुतेक मापांनी इतरांइतकेच काम करतात, पण नोकरी बरीच कमी सोडतात, असं निघालं. ज्या खात्यात माणूस सहा महिन्यांत नोटीस देतो, त्याला या माहितीची किंमत विचारा. आणि या विषयाचा पाया मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973-74 मध्येच घातला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या माणसांना त्यांनी विचारलं, ही जागा कशी कळली? निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून कळली होती. ज्यांना ओळखीतून कळली त्यांच्यापैकी एका गटाला पुढे विचारलं, तर सांगणाऱ्याशी नेहमी गाठ पडणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना सांगणारा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता. ‘कुठून आलात?’ या एका प्रश्नातून समाजशास्त्राचा एवढा मोठा सिद्धांत उभा राहिला. तुम्ही तोच प्रश्न विचारू नका म्हणता.

शंकेखोर : प्रश्न विचारा. पण त्या अधूनमधून भेटणाऱ्या ओळखी कुणाकडे असतात, हेही विचारा. आपल्याला यासाठी बॉस्टनला जायची गरज नाही, गिरणगाव पुरे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. त्याने आपल्या गावचे, भावकीतले, जातीतले लोक आणायचे, त्यांच्याकडून दस्तुरी घ्यायची आणि त्यांच्या हजेरीची हमी मालकाला द्यायची. मालकाच्या दृष्टीने हा उत्तम रेफरल होता. माणूस टिकायचा, कारण जॉबर सोडू द्यायचा नाही. शाही श्रम आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून घ्या असं सांगितलं, ते उगीच नव्हे. आता त्याच गिरण्यांतलं विणकाम खातं घ्या. तिथे पगार बरा होता आणि तिथे दलितांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. आता कल्पना करा, त्या काळी गिरणीत तुमचं सॉफ्टवेअर असतं. विणकाम खात्याचा सोर्स अहवाल सांगता : ओळखीतून आलेले शंभर टक्के, टिकण्याचं प्रमाण उत्तम, खर्च शून्य. मॅनेजरने तो अहवाल फ्रेम करून लावला असता. जे दारातच आले नाहीत, त्यांचा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो. आणि हे जुनं झालं म्हणू नका. याच बीमन-मॅग्रूडर यांनी सहकाऱ्यांबरोबर मलावीत केलेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. लायक बायका ओळखीच्या असूनही पुरुषांनी पुरुषांचीच नावं पुढे केली.

मोजणारा : तुमच्या या दोन्ही उदाहरणांनी माझीच बाजू भक्कम होते. मलावीत पुरुष पुरुषांनाच आणतात हे कळलं, कारण कोण कुणाकडून आलं ते लिहून ठेवलं होतं. गिरणीत असा कागद नव्हता, म्हणून मालक ‘लोक आपणहून येतात, आम्ही काय करणार’ असं म्हणू शकत होते. 1991 मध्ये अमेरिकेत शिकागोच्या एका दिवे बनवणाऱ्या कंपनीने हाच बचाव केला आणि अपील न्यायालयाने तो मान्यही केला. कामगार आपसांत सांगतात, त्यातून अर्ज येतात, कंपनी नुसती बसून असते, एवढ्यावरून भेदभावाचा हेतू सिद्ध होत नाही, असा तो निकाल. पटो न पटो, वाद घालायला अर्ज कुठून आले याची माहिती होती. आपल्याकडे उलट दिशेने झालं. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. पुढे सरकारी खाती फक्त तिथून आलेल्या नावांचाच विचार करू लागली. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, आंध्रातल्या अबकारी खात्याच्या खटल्यात, सांगितलं की तेवढं पुरेसं नाही. वर्तमानपत्रांतून आणि रेडिओ-दूरदर्शनवरून जाहिरात द्या आणि आलेल्या सगळ्यांचा विचार करा. जागेची बातमी कुणाच्या कानावर गेली हा न्यायाचा प्रश्न आहे, हे तिथे स्पष्ट झालं. आणखी एक. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुम्हाला ठाऊक असेल. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय आडनाव 1 धरलं, तर बोलावणं येण्याच्या संभाव्यतेचं गुणोत्तर दलित आडनावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 निघालं. सगळे अर्ज एकाच वाटेने गेले होते, म्हणून तर फरक नावाचा आहे हे छातीठोक सांगता आलं. वाट नोंदवली नाही, तर दोष वाटेचा की निवडणाऱ्याचा, हे कधीच वेगळं काढता येणार नाही.

शंकेखोर : आता तुम्ही नेमक्या जागेवर आलात. वाट आणि निवडणारा वेगळे काढायचे म्हणता ना? तुमचं सॉफ्टवेअर त्यांची रोज गाठ घालून देतं. हायरिंग मॅनेजरच्या स्क्रीनवर अर्जदाराचं कार्ड कसं दिसतं? नाव, अनुभव, सध्याचा सीटीसी, नोटीस पिरियड आणि खाली ठळक पट्टी : ‘रेफरल’, पुढे कुणा सीनियर मॅनेजरचं नाव. शेजारच्या कार्डावर पट्टी : ‘पोर्टल’. संध्याकाळचे सहा वाजलेत, तीस कार्डं बघायची आहेत. रेफरलचा सीव्ही उघडला जातो, कारण उद्या कँटीनमध्ये तो सीनियर विचारणार, ‘काय रे, आपल्या पोराचं काय झालं?’ पोर्टलवाल्याचा सीव्ही वरवर चाळला जातो. मुलाखतीत रेफरलवाला अडखळला तर ‘नर्व्हस असेल’, पोर्टलवाला अडखळला तर ‘बेसिक कच्चं आहे’. मग तिमाहीच्या शेवटी तुम्ही आलेख काढता : रेफरलमधून निवडीचं प्रमाण पोर्टलच्या कितीतरी पट. या आकड्यात अर्जदाराची गुणवत्ता किती आणि आपणच दिलेली वागणूक किती, सांगा बरं. आलेख बघून पुढच्या वर्षी रेफरल बोनस वाढतो, पोर्टलच्या अर्जांकडे आणखी कमी बघितलं जातं आणि आलेख आणखी उंच होतो. जोधका आणि न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी 2007 मध्येच लिहून ठेवलंय की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो म्हणणारे एचआर व्यवस्थापकही मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारतात. आता विचारायलाही नको, पट्टीवर अर्धी लिहूनच येते. वशिला पूर्वी कुजबुजत यायचा, आता तो रंगीत पट्टी लावून येतो आणि वर त्याला बोनस मिळतो.

मोजणारा : मग पट्टी लपवा. जवळपास प्रत्येक प्रणालीत कुणाला कुठला रकाना दिसावा हे ठरवता येतं. निवड पूर्ण होईपर्यंत हायरिंग मॅनेजरला सोर्स दिसू नये आणि खात्याला एकत्रित आकडे मिळावेत, ही सेटिंग पाच मिनिटांची आहे. पण लपवण्याआधी एक विचार करा. ओळखीतून येतो तेव्हा माणसाबरोबर माहितीही येते. ज्याने तीन वर्षं शेजारी बसून कोड लिहिला त्याचा शब्द आणि सीव्हीवरचं ‘टीम प्लेयर’ यांची किंमत एक नसते. ती माहिती फेकून द्यायची? आणि वशिला म्हणता, तर तो नेहमी वरच्यांचाच असतो हे तरी कुठे खरं आहे? तुमची ती लातूरची मुलगी घ्या. तिच्या कॉलेजचं नाव पुण्यातल्या मॅनेजरने ऐकलेलं नाही. शॉर्टलिस्ट करणारा फिल्टर ते नाव बघून तिला बाजूला टाकतो. तिच्यासाठी तिच्याच कॉलेजच्या त्या सीनियरने ‘हिला मी ओळखते, हिचा सीव्ही बघा’ एवढं म्हणणं, हेच एक दार आहे. गावाकडून पहिला माणूस शहरात आला आणि त्याने मागच्या दहांना आणलं, असंच तर आपलं निम्मं शहर वसलं. तुम्ही पट्टी काढलीत, तर मोठ्या कॉलेजच्या मुलाचं काही बिघडत नाही, कॉलेजचं नाव त्याच्या सीव्हीवर छापलेलंच आहे. बिघडतं ते हिचं.

शंकेखोर : हे मला झोंबलं, कारण खरं आहे. पण तिच्या सीनियरचा शब्द आणि व्हाइस प्रेसिडेंटचा शब्द तुमच्या प्रणालीत एकाच पट्टीखाली येतात आणि कँटीनमध्ये मात्र एकाच वजनाने घेतले जात नाहीत. असो. पट्टी मॅनेजरपासून लपवाल, पण अर्जदारापासून ती कायमचीच लपलेली आहे, त्याचं काय? एक प्रकार सांगतो, भरतीतल्या कुणालाही तो नवा नाही. कन्सल्टंट पोर्टलच्या डेटाबेसमधून एखाद्याचा सीव्ही उतरवतो आणि त्याला न विचारताच कंपनीला पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये नोंद होते : सोर्स अमुक एजन्सी. करारानुसार पुढचे सहा महिने हा माणूस त्या एजन्सीचा. दोन महिन्यांनी तोच माणूस कंपनीच्या साइटवर स्वतः अर्ज करतो. सिस्टीम म्हणते, डुप्लिकेट. रिक्रूटर बघतो की याला घेतलं तर फी द्यावी लागणार, किंवा फीवरून भांडण होणार, आणि तशाच दुसऱ्या उमेदवाराकडे वळतो. अर्जदाराला मेल जातो : या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. आपल्यावर कुणाचा सहा महिन्यांचा हक्क लागला होता, हे त्याला कधीच कळत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे की माझी माहिती कशासाठी घेताय ते मला आधी सांगा. ‘तुम्ही कुठून आलात यावरून तुमची फी, तुमचा हक्क आणि तुमचा क्रम ठरेल’ असं कुठल्या अर्जावर लिहिलेलं असतं?

मोजणारा : या रकान्याचा हा सर्वांत वाईट वापर आहे, याचं समर्थन मी करणार नाही. पण उपाय अवघड नाही. एजन्सीने सीव्ही देताना उमेदवाराची त्या जागेसाठीची लेखी संमती जोडावी, काही कंपन्या ती मागतातही. संमती नसेल तर हक्क नाही. उमेदवाराने स्वतः अर्ज केला, तर त्याचा अर्ज आधी धरावा. आणि कुणी विचारलं तर ‘तुमच्या नावापुढे आमच्याकडे हा सोर्स लिहिला आहे’ हे त्याला दाखवावं, चूक असेल तर दुरुस्त करू द्यावं. यातलं काहीही नोंद न ठेवून साधणार नाही. नोंद नसती तर एजन्सीने परस्पर सीव्ही फिरवलेच असते, फक्त ते आपल्याला दिसलं नसतं. आता मी तुम्हाला विचारतो. दारं सगळ्यांना सारखी उघडी आहेत का, हा तुमचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर हवं असेल, तर कुठल्या दाराने कोण आलं हे मला कळायला हवं : बाई की पुरुष, कुठल्या जिल्ह्यातला, कुठल्या जातीचा, घरातला पहिला पदवीधर का. खाजगी कंपन्या सहसा जात विचारत नाहीत. मी विचारायला सुरुवात करू?

शंकेखोर : नका करू. ज्या अर्जावर जात लिहिलेली असेल तो अर्ज कुणाच्या हातात पडेल याचा भरवसा मला नाही. थोरातांच्या अभ्यासात तर नुसतं आडनाव पुरलं होतं. आडनावावरून सॉफ्टवेअरने अंदाज बांधावा हे त्याहून भयंकर. पण हेही कबूल करतो की ती माहिती नसेल, तर तुमचा अहवाल कुठल्या वाटेने माणूस स्वस्त पडला एवढंच सांगू शकतो. कुठली वाट कुणासाठी बंद आहे, हे तो कधीच सांगणार नाही. म्हणजे माझ्याच दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. न्याय तपासायला जी माहिती हवी, तीच अन्याय करायलाही पुरते.

मोजणारा : मधला मार्ग असा काढता येईल. अर्जात काही विचारायचं नाही. रुजू झालेल्यांना आणि नाकारलेल्यांनाही निर्णयानंतर, ऐच्छिक आणि बिननावी, जिल्हा, शिक्षणाचं माध्यम, घरातली पहिली पिढी एवढंच विचारायचं. ते निवड करणाऱ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि सोर्सच्या आकड्यांशी फक्त एकत्रित जोडायचं. किती जण उत्तर देतील ठाऊक नाही, आणि जातीचा प्रश्न तसाच राहतो. पण बाकीचं काही तरी हाती लागेल.

शंकेखोर : नाकारलेला माणूस नाकारणाऱ्याच्या सर्वेक्षणाला उत्तर का देईल, हे मला अजून कळलेलं नाही. करून बघा. रेफरलची पट्टी ठेवायची की काढायची, यावर आपलं जमणार नाही. लातूरच्या मुलीला ती हवी आहे आणि जिला कुणी सीनियरच नाही तिला ती नको आहे, आणि त्या दोघींपैकी एकीची बाजू सोडायला मी तयार नाही. पण एका गोष्टीला ना जात विचारावी लागते, ना कुणाची संमती. पुढच्या तिमाहीच्या अहवालात प्रत्येक सोर्सपुढे एक आकडा जास्त द्या : जागा भरली तरी ‘नवीन अर्ज’ या टप्प्यावरच पडून राहिलेले अर्ज किती. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये आजही आहे. तो मागायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.